डॅमेजच्या पिंजऱ्यातली गोळी

अब्बांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मी गोदामातून चोरायला लागलो, त्याआधी पैसे वाचवायचे सरळ मार्ग करून पाहिले होते. सगळे नाही. एक राहिला होता. तोच सगळ्यांत सोपा होता.

अब्बा भिवंडीतले जुने लूमवाले. कामतघरला आमचा बारा लूमचा कारखाना होता. सूत व्यापाऱ्याचं, लूम आमचे. आम्ही मजुरीवर कोरं कापड विणून द्यायचो. धंदा बसला तेव्हा अब्बांनी लूम भंगारात काढले. वजनकाट्यापाशी दिवसभर खुर्ची टाकून बसले होते. भंगारवाला चहा घेऊन आला तर म्हणाले, "तुझा चहा मी पिऊ? इतके वाईट दिवस नाय आले." दोन वर्षांनी त्यांच्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. लूमचे पैसे त्यातच गेले.

दवाखान्यातून घरी आलो ते पाच गोळ्या लिहिलेला कागद घेऊन. चार गोळ्या परवडत होत्या. पाचवी कोलेस्टेरॉलची, मोठ्या कंपनीची, चकचकीत खोक्यातली. ती जन्मभर घ्यायची होती. मी तेव्हा दापोड्याला औषधांच्या एका गोदामात स्टॉक सांभाळायचो. आजही तिथेच आहे. तीच गोळी माझ्यासमोरून रोज पेट्यांनी जायची आणि संध्याकाळी मी तिचीच एक पट्टी नाक्यावरच्या मेडिकलमधून विकत घ्यायचो. भाडं, पोरांच्या फिया आणि ही पट्टी, यांत दर महिन्याला काहीतरी मागे राहायचं.

मेडिकलवाल्याने पहिला मार्ग सांगितला. दुप्पट ताकदीची गोळी दुप्पट महाग नसते. ती घ्यायची आणि अर्धी करायची. मी पोळपाटावर ठेवून ब्लेडने कापायचो. एक तुकडा बरा निघायचा, दुसऱ्याचा चुरा व्हायचा. चुरा मी कागदावर घेऊन अब्बांसमोर धरायचो. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मना अर्धा बाप समजतोस काय?"

"अब्बा, अर्ध्या गोळीत पण औषध पहिल्याएवढंच आहे."

"एवढंच हाय, तर अर्धी कशाला केलीस?"

बायको पलीकडे हसली. अब्बांनी कागद झटकला. चुरा लादीवर पडला.

मग मी जेनेरिकचा विषय काढला. औषधांच्या गोदामात काम करणाऱ्या माणसाला ते माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कंपनीच्या नावाची गोळी आणि साध्या नावाची गोळी, आत औषध एकच, किमतीत जमीनअस्मानाचा फरक. मी अब्बांना म्हणालो, "आपलं कापड नव्हतं का असंच? आपण विणायचो, त्यावर छाप दुसऱ्याचा पडायचा, आणि मुंबईत ते चौपट भावाने विकलं जायचं."

त्यांनी सदऱ्याचा काठ बोटांत धरून चोळून पाहिला. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "म्हणूनच सांगतो. बिनछापाच्या मालात काय काय चालतं ते माझ्यापेक्षा कोणाला माहीत?"

त्यांना एकाच माणसाचा शब्द चालला असता, डॉक्टरचा. डॉक्टरने साधं नाव लिहून दिलं असतं तर विषय संपला असता. हाच तो राहिलेला मार्ग.

तो सोडून मी दुसरा धरला. गोळी एक दिवसाआड द्यायला लागलो, आणि अब्बांना न सांगता. ऑपरेशननंतर त्यांचं विसरणं वाढलं होतं. नाश्ता झाला की विचारायचे, "माझी गोळी?"

"घेतलीत की अब्बा. आत्ताच."

ते माझ्या तोंडाकडे बघायचे. पाण्याच्या ग्लासाकडे बघायचे. मग मान हलवायचे. म्हाताऱ्या माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडवायला फार काही लागत नाही. दहा-बारा वेळा ठाम आवाजात बोललं की पुरतं. महिन्याभरात अब्बा बाकीच्या गोष्टींचंही मला विचारून खात्री करायला लागले. दुपारची नमाज झाली का, अम्मीच्या कबरीवर मागच्या शुक्रवारी गेलो होतो का. पट्टी मात्र दुप्पट दिवस पुरत होती.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल पुन्हा चढलेलं. डॉक्टरने रिपोर्ट टेबलावर टाकला. "शेठ, तुम्ही गोळ्या चुकवताय."

जुन्या लूमवाल्यांना आमच्या गावात अजून शेठ म्हणतात. अब्बा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, ताठ बसले होते. त्यांनी मान खाली घातली. "चुकत असेल," म्हणाले. "हल्ली डोकं काम देत नाय."

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. त्या क्षणी मला दोन गोष्टी बोलता आल्या असत्या. चूक माझी आहे, ही एक. आणि डॉक्टर, यातलं काही स्वस्त लिहून द्याल का, ही दुसरी. दाराबाहेर ओळखीची पाच-सहा माणसं बसली होती, दार अर्धवट उघडं होतं. 'शेठ' म्हटल्यावर मी स्वस्त कसं मागायचं? मी म्हणालो, "यापुढे मी स्वतः लक्ष देईन." डॉक्टर म्हणाला, "शाबास. असा मुलगा पाहिजे."

त्याच आठवड्यात मी पहिलं खोकं उचललं.

गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात डॅमेज मालाचा जाळीचा पिंजरा आहे. गाडीतून उतरताना दबलेल्या, फाटलेल्या पेट्या त्यात जातात. वरचं पुठ्ठ्याचं खोकं चेपलेलं असतं, आतली पट्टी शाबूत असते. पण तो माल विकता येत नाही. मोजून कंपनीला परत पाठवायचा, ती त्याचा नाश करते. मोजणारा मीच होतो, पिंजऱ्याची एक किल्लीही माझ्याकडे असायची. दहा खोकी निघाली की नऊ लिहायची. मला घाम फुटला, हात थरथरला, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसलं काही झालं नाही. ऑफिसचा स्टाफ पुढच्या गेटने जातो, त्याची झडती होत नाही. झडती मागच्या गेटला होते, पॅकिंगच्या बायकांची.

अब्बांना रोज अख्खी गोळी मिळायला लागली. पुढचा रिपोर्ट चांगला आला. मी घरी सांगितलं, स्टाफला सवलतीत मिळते.

पॅकिंगच्या लाइनवर एक बाई होती. पन्नाशीची, वडप्याकडची. सासरची भातशेती गोदामांना गेली, नवऱ्याच्या हातात एकदम पैसा आला, चार वर्षांत गाडी, टेम्पो, मित्र, हळदीच्या पार्ट्या यांत तो संपला. मग नवऱ्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बाई पदर खोचून पॅकिंगला उभी राहिली. पोरगी शाळेत होती. हे सगळं मला लाइनवरच्या बाकीच्या बायकांनी सांगितलं होतं. तिच्याशी मी कधी बोललो नव्हतो.

एका जेवणाच्या सुट्टीत ती पिंजऱ्यापाशी आली.

"भाय, ती गोली कंची हाय?"

"कोणती?"

"तुमी खिशात घातलीत ती."

माझा हात खिशावर गेला. तिने ब्लाउजमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद काढला. नवऱ्याचं प्रिस्क्रिप्शन. कंपनीचं नाव वेगळं होतं. "वरचं नाव येगलं हाय," ती म्हणाली. "पन रिकामं खोकं घरी नेलं, खालची बारीक अक्षरं माझ्या पोरीनं जुलवली. हीच गोली हाय ना?"

"हीच आहे."

"दोन महिने झाले, त्याची बंद हाय."

तिने धमकी दिली नाही. आवाजही चढवला नाही. मला मात्र ती धमकीच ऐकू आली. मी दोन पट्ट्या काढून तिच्या हातात दिल्या, आणि ते दान नव्हतं. मी तिचं तोंड बंद करत होतो. मागच्या गेटला झडती असते हे आठवून तिला युक्तीही मीच सांगितली. डब्याच्या सगळ्यात खालच्या पुडात ठेवायच्या, वर फडकं, फडक्यावर उरलेली भाकरी. झडतीवाली उष्ट्याला हात लावत नाही.

असं पाच महिने चाललं. त्या पाच महिन्यांत मी तिला एकदाही सांगितलं नाही की ताई, हीच गोळी सरकारी स्वस्त दुकानात साध्या नावाने मिळते, तुमच्या डॉक्टरला विचारा. सांगितलं असतं तर तिने मला विचारलं असतं, मग तुम्ही का नाही घेत? ती चोरीची गोळी नेत होती तोवर आम्ही दोघं सारखे होतो. ते मला सोयीचं होतं.

मग मागच्या गेटला नवीन झडतीवाली आली. तिला उष्ट्याची किळस नव्हती.

मॅनेजरने लाइन बंद करून सगळ्या बायकांना गोल उभं केलं. ती मधे. तिचा डबा जमिनीवर, पुडं सुटी करून मांडलेली. मॅनेजर उत्तरेकडचा, त्याला मराठी समजायचं पण यायचं नाही.

"किसके लिए ले जा रही थी?"

"मानसासाठी. घरवाल्यासाठी."

"पहली बार?"

ती गप्प.

"किसने दिया? पिंजरे को तो ताला रहता है."

ती गप्पच राहिली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. बघितलं असतं तर संपलं असतं. ती डब्यातल्या भाकरीच्या तुकड्याकडे बघत राहिली. लाइनवरच्या दोघीतिघींना तरी माहीत असणार, त्याही गप्प. मॅनेजर माझ्याकडे वळला. "इसका बयान लिखो. मराठी में. बाद में ये न बोले कि समझा नहीं."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. 'मी खाली सही करणार, कबूल करते की कंपनीच्या मालातील दोन पट्ट्या मी घेतल्या.' इथवर ती जे बोलली तेच होतं. पुढे मी लिहिलं, 'माल मोजताना पिंजरा उघडा असतो हे बघून मी स्वतः त्या चोरल्या. मला कोणीही दिल्या नाहीत. मी हे कोणाच्याही सांगण्यावरून केलेलं नाही.' हे ती बोलली नव्हती. तिच्या गप्प बसण्याचं भाषांतर मी माझ्या सोयीने केलं.

"काय लिव्हलंय?" तिने विचारलं. तिला सही करता यायची, वाचता यायचं नाही. सही ती जमिनीचे कागद झाले तेव्हा शिकली होती.

मी तिला वाचून दाखवलं. पहिलं वाक्य वाचलं, शेवटची तारीख वाचली, मधली तीन वाक्यं गाळली. तिने वाकून सही केली.

मॅनेजरने तिच्या एका हातात कागद दिला, दुसऱ्या हातात त्या दोन पट्ट्या, आणि भिंतीला टेकवून फोटो काढला. "हाथ ऊपर. और ऊपर. चेहरा दिखना चाहिए." तो फोटो त्याने आसपासच्या सगळ्या गोदामांच्या सुपरवायझरांच्या ग्रुपवर टाकला. मग तिला सांगितलं, डबा उचल आणि जा. तिने पुडं एकात एक बसवली, कडी लावली, भाकरीचा तुकडा उचलून कपाळाला लावला आणि बाहेरच्या कुत्र्याला टाकला. बायकांनी वाट करून दिली. एकीनेही तिच्या खांद्याला हात लावला नाही.

मॅनेजर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू भरोसे का आदमी है." त्या दिवसापासून पिंजऱ्याची दुसरी किल्लीही माझ्याकडे आली. आठवड्याने पिंजऱ्यावर कॅमेरा बसला.

माझी चोरी थांबली ती कॅमेऱ्याने. पश्चात्तापाने थांबली असती की नाही, सांगता येत नाही.

घरातल्या पट्ट्या संपल्या तेव्हा मी अब्बांना घेऊन डॉक्टरकडे गेलो. दार तसंच अर्धवट उघडं होतं, बाहेर माणसं होती. मी एका दमात बोलून टाकलं, "डॉक्टर, ही गोळी आम्हाला परवडत नाही. स्वस्तातली लिहून द्या."

अब्बा माझ्याकडे बघायला लागले. बाहेर कोणी मान वर केली की नाही ते मला कळलं नाही, मी बघितलंच नाही. डॉक्टरने पेन उचललं, साधं नाव लिहिलं, खाली दुकान कुठे आहे ते लिहिलं. "शेठ, ही घ्या. माझ्या वडिलांना मी हीच देतो. फक्त नियमित घ्या, दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासू." आणि मला म्हणाला, "आधीच सांगायचं ना. इथे येणारे निम्मे लोक विचारतात."

अब्बा म्हणाले, "तुमचे वडील घेतात? मग ठीक हाय."

झालं. दोन मिनिटंही लागली नसतील. डॉक्टरने पुढच्या पेशंटची बेल वाजवली.

त्या दुकानात पूर्वी ज्या पैशात एक पट्टी यायची त्यात दोन महिन्यांच्या गोळ्या आल्या. दुकानदाराने त्या कागदी पाकिटात घालून दिल्या. मी रिक्षात बसलो आणि ते पाकीट मांडीवर घेऊन घरापर्यंत गेलो. अब्बा शेजारी बसून एकच वाक्य बोलले. "परवडत नाय, हे मना आधी सांगितलं असतंस तर मी घेतलीच नसती." राग होता की माया, मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

दीड महिन्याने रक्त तपासलं, रिपोर्ट चांगला होता. मग एका रविवारी मी वडप्याला गेलो. तिचं घर शोधायला त्रास पडला नाही. दोन गोदामांच्या भिंतींमधे जुन्या गावठाणातली पाच-सहा घरं उरली आहेत, त्यांतलं एक. पडवीत खाटेवर नवरा, उशांना टेकवून बसवलेला. पोरगी दारात अभ्यास करत होती. मला बघून बाई बाहेर आली. बसा म्हणाली नाही.

"ताई, कुठे कामाला आहात?"

"कामतघरला. लूमवर सुताच्या कांड्या भरते. हिकडं कोनी घेत न्हाय. गेटवर जाते तं वॉचमन मोबाइलात फोटो बघतो, मंग मना बघतो."

मी डॉक्टरने लिहिलेल्या कागदाची नक्कल पुढे केली. स्वस्त दुकानाचं सांगितलं. तिने कागद घेतला आणि न बघता पोरीला दिला. मग म्हणाली, "तुमी कागद घेऊन आलात तं अजून येक कागद वाचा." पोरीच्या हातातून मोबाइल घेतला. तोच फोटो, फिरत फिरत त्यांच्यापर्यंतही आलेला. बोटांनी मोठा केला, तिचा चेहरा बाजूला सरकवला, कागद मधे आणला. "आता सगलं वाचा. त्या दिवशी गालून टाकलेलं पन."

"ताई..."

"पोरीनं वाचलंय. मना तुमच्या तोंडून ऐकायचंय. त्याला पन ऐकू जातंय."

मी उभ्यानेच वाचलं. पडवीत, एका न बोलता येणाऱ्या माणसासमोर आणि शाळेतल्या एका पोरीसमोर. 'मला कोणीही दिल्या नाहीत.' स्क्रीन विझली, पोरीने ती पुन्हा उजळवून दिली. 'मी हे कोणाच्याही सांगण्यावरून केलेलं नाही.'

बाईने मोबाइल परत घेतला. "ही दुकानातली गोली केवढ्याला पडते?"

मी सांगितलं.

तिला आधी खरं वाटलं नाही. पुन्हा विचारलं. "येवढी स्वस्त? मंग तुमी चोरी कशापायी करत होता?"

"डॉक्टरला विचारायची लाज वाटत होती."

ती नवऱ्याकडे वळली. बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्याने म्हणाली, "ऐकलंत काय? भायला लाज वाटत होती." आणि हसली. फार नाही. नवऱ्याच्या तोंडाची डावी बाजू हलली, घशातून आवाज आला. तो हसला की त्याला काही म्हणायचं होतं, मला कळलं नाही. पोरगी पुस्तकात बघत होती.

मी निघालो तेव्हा ती अंगणाच्या कडेपर्यंत आली. "पैसं बियसं काय नको तुमचं. येक करा. त्याच ग्रुपवर लिवा, की पट्ट्या तुमी देत होता. तुमचं अक्षर चांगलं हाय."

"लिहितो," मी म्हणालो.

याला दीड वर्ष झालं. अब्बा ठणठणीत आहेत, पाकिटातली गोळी स्वतः मोजून घेतात, मला विचारत नाहीत. गोदामात माझा पगार थोडा वाढला. तो ग्रुप मोबाइलवर रोज वर येतो: गाडी आली, माल उतरवा, दोन बायका कमी आहेत. दोन-तीनदा मी तिथे टाइप केलं आणि पुसलं. शेवटी जे लिहायचं ते इथे लिहिलं आहे. यात तिचं नाव नाही, माझंही नाही, आणि वडप्याच्या कुठल्याही गेटवरचा वॉचमन हे वाचणार नाही.